उजेड लई, पण दिसत न्हाई! (टॉर्चमधल्या एलईडींची तुलना)

सुरुवातीलाच एक गोंधळ मिटवून टाकतो. आमच्या गावाकडे टॉर्चला टॉर्च म्हणत नाहीत, बॅटरी म्हणतात. आणि बॅटरीला म्हणतात सेल. त्यामुळे फर्स्ट इयरच्या व्हायव्हात "बॅटरी म्हणजे काय?" असं विचारल्यावर माझ्या डोळ्यांसमोर लेड अ‍ॅसिडचं डबडं आलंच नाही. आले ते आमचे तात्या, काखेत खोरं आणि हातात बॅटरी घेऊन रात्री दारं धरायला निघालेले. हा लेख त्यांच्या बॅटरीमुळेच लिहितो आहे, म्हणून यात मी टॉर्च म्हणेन ती वस्तू आणि सेल म्हणेन तो आतला सेल, एवढं लक्षात ठेवा.

आपल्या नगर जिल्ह्यात (२०२४ पासून सरकारदरबारी अहिल्यानगर, पण एसटीत अजून "नगर, नगर" हीच आरोळी ऐकू येते) रात्रीच्या उजेडाचा प्रश्न हा छंदाचा प्रश्न नाही. शेतीपंपांना थ्री-फेज लाईट पाळीपाळीने मिळते. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली आली, तेव्हा पहिल्या काही प्रकल्पांत आपल्याच जिल्ह्यातलं राळेगणसिद्धी होतं, आणि जिथे सोलर फीडर झाला तिथे दिवसा पाणी भरता येतं. पण अजूनही कितीतरी शिवारांत रात्री मोटार चालू होते आणि माणूस वाफ्यात उतरतो. हॉस्टेलमधल्या निम्म्या पोरांच्या घरी हेच चालतं, त्यामुळे मी कुणाला नवीन काही सांगत नाही.

गेल्या हिवाळ्यात सुट्टीला घरी जाताना मी तात्यांसाठी बाजारातून एक टॉर्च नेला. खोक्यावर लिहिलं होतं "१,००,००० ल्युमेन", आतल्या सेलवर "९९०० एमएएच". इंजिनिअरिंगला असूनही मी ते वाचून घेतला, ही माझी चूक. रात्री बारानंतर लाईट आली, आम्ही दोघं कांद्याला पाणी द्यायला गेलो. टॉर्च लावला तर काय उजेड! पांढराशुभ्र, निळसर, पार बांधापलीकडची बाभूळ दिसावी असा. मी खूश. दहा मिनिटांनी तात्या बांधावरून पाय खाली टाकणार, तेवढ्यात कुकरची वाफ सुटावी तसा फुस्स आवाज आला. पाचटावर घोणस बसली होती. टॉर्चचा झोत अगदी तिच्यावरच होता, तरी दोघांनाही ती दिसली नव्हती. आवाज आला म्हणून पाय मागे गेला, नाहीतर पुढचं न बोललेलं बरं.

सकाळी चहा पिताना तात्या एवढंच म्हणाले, "आरं, उजेड लई हाये तुझ्या बॅटरीचा, पण दिसत काय न्हाई." आणि खुंटीवरची जुनी पितळी बॅटरी काढून तिचे सेल बदलायला लागले. पिवळ्या बल्बची ती, ल्युमेनमध्ये माझ्या टॉर्चच्या पासंगालाही पुरणार नाही. मला आधी राग आला. मग विचार केला, की म्हातारा बोलतोय ते मोजता येईल का?

कॉलेजला परत आल्यावर आम्ही तिघा रूममेट्सनी ठरवलं की एकच अ‍ॅल्युमिनियमची बॉडी, एकच रिफ्लेक्टर, एकच १८६५० सेल घ्यायचा आणि आतला एलईडी फक्त बदलत राहायचं. हे शक्य होतं, कारण हौशी लोक वापरतात त्यातले बरेचसे एलईडी एकाच मापाचे असतात, साडेतीन मिलिमीटर चौरस. क्री कंपनीचे एक्सपी-जी२ आणि एक्सपी-एल, ल्युमिनसचा एसएसटी-२०, सॅमसंगचा एलएच३५१डी, निचियाचे २१९बी आणि ५१९ए, हे सगळे त्याच मापाच्या तांब्याच्या बोर्डावर बसतात. ओसरामचा डब्ल्यू२ म्हणून ओळखला जाणारा एलईडी तेवढा ३ मिलिमीटरचा, त्याला वेगळा बोर्ड लागतो. (तांब्याचाच बोर्ड घ्या. स्वस्तातल्या अ‍ॅल्युमिनियमच्या बोर्डात एलईडी आणि धातू यांच्यामध्ये इन्सुलेशनचा थर असतो, उष्णता तिथेच अडते.)

आता मोजायचं काय? इथेच सगळी फसवणूक आहे. ल्युमेन म्हणजे टॉर्चमधून सगळ्या दिशांना मिळून बाहेर पडणारा एकूण प्रकाश. कँडेला म्हणजे एका दिशेला तो किती दाट आहे ते. टाकीत किती पाणी आहे हे ल्युमेन, आणि पाईपच्या तोंडावर बोट दाबल्यावर चिळकांडी किती जोरात जाते ते कँडेला. कँडेला मोजायला हॉस्टेलचा कॉरिडॉर पुरतो. भिंतीवर लक्समीटर लावा, ५ मीटरवर टॉर्च धरा, आलेल्या लक्सला अंतराच्या वर्गाने म्हणजे २५ ने गुणा. समजा ४०० लक्स आले, तर १०,००० कँडेला. आता टॉर्चच्या खोक्यावर जो "पल्ला" लिहितात, तो अमेरिकेच्या एएनएसआय एफएल-१ या २००९ च्या मानकाप्रमाणे काढतात. ज्या अंतरावर प्रकाश पाव लक्स उरतो ते अंतर. हिशोब सोपा आहे, कँडेलाचं वर्गमूळ काढा आणि दुप्पट करा. १०,००० कँडेला म्हणजे २०० मीटर. पण पाव लक्स म्हणजे साधारण पौर्णिमेचं चांदणं! २०० मीटरवरच्या चांदण्यात उभा माणूस आहे की एरंडाचं झाड, हे ओळखून दाखवा. म्हणून खोक्यावरचा पल्ला निम्मा धरावा, असं माझं मत. निम्म्या अंतरावर प्रकाश चौपट, म्हणजे १ लक्स होतो आणि काहीतरी कळतं.

त्याच मानकात आणखी एक मेख आहे. ल्युमेन मोजतात ते टॉर्च लावल्यावर ३० सेकंदांपासून २ मिनिटांच्या आत. आणि "किती वेळ चालतो" हे मोजतात प्रकाश सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंत. म्हणजे कुणी २ मिनिटं धो धो उजेड दिला आणि मग गरम झाला म्हणून पाचव्या हिश्श्यावर आणून तासन् तास रेंगाळत ठेवला, तरी खोक्यावर दोन्ही आकडे मोठे छापता येतात. यात खोटं काही नाही, पण खरंही फारसं नाही. माझ्या एक लाखवाल्यात तर मानक वगैरे भानगडच नव्हती. हाताच्या मुठीत मावणारी नळी एवढा प्रकाश द्यायला लागली, तर तिला शेकडो वॅट लागतील आणि हात भाजून निघेल. तो आकडा वाचतानाच मी ओमच्या नियमाची आठवण ठेवायला हवी होती.

तर आमची तुलना. आमची उपकरणं साधी होती. एक लक्समीटर, थर्माकोलच्या खोक्याचं घरगुती इंटिग्रेटिंग स्फिअर, आणि मोबाईल कॅमेरा, तोही व्हाइट बॅलन्स लॉक करून. म्हणून आकडे मुद्दाम छापत नाही, क्रम छापतो. तो तीन वेगवेगळ्या रात्री तोच आला.

लांब फेकण्यात डब्ल्यू२ सगळ्यांच्या पुढे, आणि बराच पुढे. त्याच्यामागे एसएसटी-२०, मग एक्सपी-जी२, आणि एक्सपी-एल, ५१९ए, एलएच३५१डी ही मंडळी शेवटी. एकूण ल्युमेनमध्ये मात्र वर एक्सपी-एल आणि त्याच्या मागोमाग एलएच३५१डी. म्हणजे ज्याच्याकडे जास्त पाणी त्याची चिळकांडी आखूड. हे विचित्र वाटतं, पण कारण साधं आहे. रिफ्लेक्टर प्रकाश तयार करत नाही, तो फक्त एलईडीचं चित्र मोठं करून दाखवतो. लांबून टॉर्चकडे पाहिलं, तर सगळा रिफ्लेक्टर पेटल्यासारखा दिसतो, आणि त्याच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरची तेजस्विता जास्तीत जास्त एलईडीच्या पृष्ठभागाइतकीच असू शकते, त्याहून जास्त नाही. समजा ती १०० कँडेला प्रति चौरस मिलिमीटर आहे आणि रिफ्लेक्टरचं तोंड २० मिलिमीटर व्यासाचं. क्षेत्रफळ ३१४, म्हणजे ३१,४०० कँडेला. काचेत आणि रिफ्लेक्टरमध्ये होणारा तोटा धरून २५,००० म्हणा. पल्ला साधारण ३१६ मीटर. आता यात एकूण ल्युमेन कुठे आले? आलेच नाहीत! डब्ल्यू२ ची चकती साधारण २ चौरस मिलिमीटरची, एक्सपी-एलची साधारण दुप्पट. तेवढाच प्रकाश निम्म्या जागेतून काढला, तर तेजस्विता दुप्पट. पल्ला मात्र दुप्पट होत नाही, वर्गमुळाने वाढतो, १.४ पट. पल्ला दुप्पट हवा असेल तर कँडेला चौपट लागतात, हे गणित ज्याला कळलं तो टॉर्चवर उगाच पैसे घालवत नाही.

चकतीवरचा सिलिकॉनचा घुमटही यात घोळ घालतो. पाण्याच्या ग्लासात टाकलेलं नाणं मोठं दिसतं, तशी घुमटाखालची चकती मोठी दिसते, मग तेजस्विता पसरते. डब्ल्यू२ ला घुमट नाहीच. काही उत्साही लोक ब्लेडने घुमट कापून टाकतात. आम्ही एका एलएच३५१डीवर हा प्रयोग केला. पहिला गेला. म्हणजे अक्षरशः गेला, सोन्याची बारीक तार तुटली. दुसरा जगला, पल्ला वाढला, रंग जरा पिवळा झाला. करायचंच असेल तर स्वस्तातल्यावर हात साफ करून घ्या.

इथपर्यंत आमच्या रूमवर डब्ल्यू२ चा जयजयकार चालू होता. मग मी मेसमधून लाल कांदा, डाळिंब, वाळलेली मिरची, सुतळीचा तुकडा, पाचट आणि माझ्या गावच्या मातीचं ढेकूळ, असं सगळं एका ताटात मांडलं. दिवे बंद करून एकेक टॉर्च लावला. खरा निकाल इथे लागला. डब्ल्यू२ आणि थंड पांढऱ्या एक्सपी-जी२ खाली कांदा जांभळट राखेसारखा, डाळिंब मळकट, आणि सुतळी पाचटात चक्क हरवली! ५१९ए लावला आणि सुतळी उठून दिसली. प्रकाश कमी असून दिसलं जास्त. मला तात्यांचं वाक्य आठवलं.

याचं कारण पांढऱ्या एलईडीच्या जन्मातच आहे. पांढरा एलईडी खरं तर निळा असतो. निळ्या एलईडीसाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यातले नाकामुरा निचिया कंपनीत होते, आणि निळ्या चकतीवर पिवळा फॉस्फर लावून पांढरा एलईडी त्याच कंपनीने १९९६ साली बाजारात आणला. ४५० नॅनोमीटरच्या आसपास निळ्याचा उंच सुळका, मग खड्डा, मग पिवळ्याचा डोंगर, आणि गडद लालपर्यंत येईतो डोंगर संपलेला. थंड पांढऱ्यात तर फॉस्फर कमी, म्हणून लाल आणखी कमी. तपकिरी रंग म्हणजे तरी काय? कमी प्रकाशातला नारिंगी-लालच की! लाल नसेल तर तपकिरीतल्या छटा एकमेकींत मिसळून जातात. माती तपकिरी, पाचट तपकिरी, घोणशीच्या अंगावरचे ठिपके तपकिरी. आता बघा, १,००,००० ल्युमेनखाली ती का दिसली नाही!

हे मोजायचं माप म्हणजे सीआरआय. सूर्यप्रकाशाला १००. साधे थंड पांढरे एलईडी ७० च्या आसपास, निचियाचे २१९बी आणि ५१९ए ९० च्या वर मिळतात, एसएसटी-२० चा ४००० केल्विनवाला प्रकार ९५ चा, एलएच३५१डीही ९० चा मिळतो. पण खरेदी करताना सावध. सीआरआय ही आठ फिक्या रंगांची सरासरी असते आणि त्यात गडद लाल नाहीच. त्याचा वेगळा आकडा असतो, आर-९. सरासरी ८० असून आर-९ शून्याजवळ, असे एलईडी पुष्कळ आहेत. आपल्याकडे सरासरी मार्क चांगले आणि एका विषयात केटी, तसंच. फुकट मात्र काही मिळत नाही. सीआरआय ७० वरून ९० वर नेला की त्याच करंटला साधारण पाचवा हिस्सा ल्युमेन जातात. पण आपला डोळा प्रकाश काही सरळ रेषेत मोजत नाही. शंभराचे ऐंशी ल्युमेन झाले तर शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय कळतही नाही, आणि सुतळी हरवली की लगेच कळतं.

उच्च सीआरआयवाल्यांतही डावं-उजवं आहे. एसएसटी-२० कमी करंटवर हिरवट मारतो, एलएच३५१डीतही हिरव्याची झाक असते, ५१९ए सगळ्यात नितळ. किंमत बघितली तर एलएच३५१डी परवडतो. आमच्या रूमवर यावरून दोन तट पडले आहेत आणि ते तसेच राहतील.

आता प्रश्न उरला तो रात्रभर पुरण्याचा. १८६५० सेल म्हणजे १८ मिलिमीटर व्यास, ६५ मिलिमीटर लांबी. या मापात चांगल्यात चांगला सेल ३५०० ते ४००० एमएएचचा. ९९०० लिहिलेला सेल आम्ही डिस्चार्ज करून पाहिला, त्याबद्दल न बोललेलंच बरं. समजा तुमच्याकडे खरा ३००० चा सेल आहे. ३ अँपिअरवर टॉर्च लावला तर तासाभरात खलास, आणि तेही नळी तेवढी उष्णता बाहेर टाकू शकली तर. ती टाकू शकत नाही. एलईडीला दिलेल्या दहा वॅटांतले निम्म्याहून जास्त उष्णतेतच जातात. एलईडी जसा तापतो तसा प्रकाश घटतो, मग ड्रायव्हर स्वतःच करंट कमी करतो.

उलट बाजूने गणित करा. रात्रपाळीची लाईट ८ तास धरली, तर सेल ८ तास पुरायला हवा. ७१३५ नावाची रुपयांच्या भावात मिळणारी एक ड्रायव्हर चिप आहे, ती ३५० मिलिअँपिअर एवढाच करंट जाऊ देते, ना जास्त ना कमी. ३५० गुणिले ८ म्हणजे २८०० एमएएच. बसलं की नाही बरोबर? या करंटला एलईडी साधारण २.८ व्होल्ट घेतो, म्हणजे एक वॅट. नळी कोमटही होत नाही. सीआरआय ९० च्या एलईडीतून शंभर-सव्वाशे ल्युमेन मिळतात आणि सेल उतरत ३.० व्होल्टच्या जवळ येईपर्यंत प्रकाश जवळजवळ तेवढाच राहतो. एलईडी आणि ड्रायव्हर यांचं हे लग्न मला तरी सगळ्यात पटलं. सोबत दुसऱ्या बटणाला एक जोराची पातळी ठेवली, लांब काही चमकलं तर बघायला.

लांब काय चमकतं, हे अकोले-संगमनेरच्या मुलांना सांगायला नको. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोल्याच्या परिसरात कॅमेरे लावून केलेला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात दर १०० चौरस किलोमीटरमागे सरासरी ४.८ मोठे बिबटे निघाले, तेही अभयारण्यात नव्हे, उसाच्या आणि वस्तीच्या मुलखात. बिबट्याचे डोळे लांबून चमकतात, कारण डोळ्याच्या पडद्यामागचा थर प्रकाश परत फेकतो. तिथे सीआरआयचा काही संबंध नाही, तिथे कँडेला लागतात, आणि डब्ल्यू२ चा एक बारका टॉर्च दुसऱ्या खिशात असला तर मी नाही म्हणणार नाही. पण उसाच्या सरीत तोच टॉर्च निरुपयोगी. दोन हातांवरचं पान झगमगतं, डोळे दिपतात आणि मागचं सगळं काळंकुट्ट. तिथे पसरट उजेडच हवा.

कळसूबाईच्या नाईट ट्रेकचंही तसंच. बारी गावातून मध्यरात्री निघून १६४६ मीटरवर सूर्योदयाला पोचायचं, हा आपल्या हॉस्टेलचा वार्षिक कार्यक्रम. दर वर्षी कुणीतरी थ्रोवाला टॉर्च आणतो आणि धुक्यात पांढऱ्या भिंतीशिवाय त्याला काही दिसत नाही. धुक्यात कपाळावरचा दिवा काढून कमरेजवळ धरा. धुक्यावरून उलटा आलेला प्रकाश सरळ डोळ्यात येत नाही, लगेच फरक कळतो. शिड्यांवर मात्र तो परत कपाळावर लावा, हात मोकळे हवेत. (आणि मे-जूनमध्ये भंडारदऱ्याला काजवे बघायला जाल, तेव्हा कुठलाच एलईडी नको. खिशातच ठेवा.)

बनवायचा असेल त्यांच्यासाठी थोडकं. बोर्डावर सोल्डर पेस्टचा पातळ थर, त्यावर एलईडी, आणि खालून उष्णता. पेस्ट वितळली की एलईडी आपोआप सरळ बसतो, ते बघायला फार मजा येते. उष्णतेसाठी जुनी इस्त्री उलटी धरून चालते. मेसचा तवा नव्हे! सोल्डरमध्ये शिसं असतं, आणि मेसच्या मावशींना कळलं तर एलईडीच्या आधी आपण जाऊ. खिडकी उघडी ठेवा, धन-ऋण मल्टीमीटरवर दोनदा बघा. सेल कंपनीचाच घ्या, जुन्या लॅपटॉपमधून काढलेला घेतला तर व्होल्टेज तपासून, आणि वेष्टण फाटलेला सेल खिशात चिल्लरबरोबर कधीही ठेवू नका.

तात्यांना मी ५१९ए आणि एक ७१३५ वाला टॉर्च करून दिला. जाताना सोबत गमबूटही नेले, कारण सापाला टॉर्चचा सीआरआय माहीत नसतो. पहिल्या रात्री त्यांनी तो लावला, वाफ्याकडे बघितलं, मातीकडे बघितलं, आणि म्हणाले, "उजेड कमी वाटतोय रं." माझं तोंड पडलं. मग बांधाच्या कडेला झोत टाकून म्हणाले, "पण ते बघ, तिथं फुटलाय पाट." मला काही दिसलं नव्हतं. ते खोरं घेऊन पुढे गेले, मी मागे टॉर्च धरून.